घळ बुजवायची घाई नको, आधी पाण्याचं बघा

सध्या सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या मोहोळ-माढ्याच्या पट्ट्यात कुणाच्याही बांधावर जावा, बोलणं एकच चाललंय, जेसीबी कुणाचा मोकळा आहे, तासाला काय घेतो आणि मुरूम कुठून मिळेल. सप्टेंबर २०२५ च्या पुरानं ज्याच्या त्याच्या रानात घळी पाडल्यात आणि प्रत्येकाला ती घळ डोळ्यासमोरून कधी एकदा जाते असं झालंय. मला समजतं ते. आमच्याही रानात पडलीय, तिकडं बघवत नाही. तरीपण सांगते, घळ लगेच बुजवू नका. पाणी येतं कुठून, येतं किती आणि शेवटी जातं कुठं, हे हातात आल्याशिवाय घळीत टाकलेली प्रत्येक ट्रॉली पुढच्या मोठ्या पावसात सीना नदीत जाणार, तुमचे पैसे पण जाणार आणि वर अजून दोन फूट रान पण जाणार.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, लग्न होऊन शेतीत आले. लेव्हल, स्लोप, डिस्चार्ज हे कॉलेजात शिकले पण रान कसं बघायचं ते मामांकडनं, म्हणजे सासऱ्यांकडनं, त्यांनी जन्मभर कोरडवाहू ज्वारी केलीय आणि कुठल्या सरीत पाणी थांबतं, कुठल्या बांधाला घूस लागलीय हे त्यांना न बघता माहिती असतं. २०२० च्या ऑक्टोबरात जो मोठा पाऊस झाला तेव्हा आमच्या वरच्या तुकड्यात एक घळ पडली होती, तिला आम्ही २०२१ च्या उन्हाळ्यात दगडी बांध घातले. या वेळी त्याच्या कितीतरी पट पाणी आलं आणि ते बांध जागेवर आहेत, दोन-चार दगड सरकले तेवढंच. खाली ओढ्याकडच्या बाजूला मात्र नवी घळ उघडली. त्यामुळं जे लिहितेय ते दोन्ही बघून लिहितेय.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घेऊया. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. इथं पिढ्यान् पिढ्या एकच शिकवण, पाणी अडवा. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे, ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर आमच्या आजेसासूबाईंनी डोक्यावर पाट्या वाहून बांध घातले, ते बांध अजून आहेत. सगळं बरोबरच होतं, पाणीच नव्हतं तर अडवणार नाही तर काय करणार. पण त्यामुळं झालं काय की आमच्या भागातला बांध म्हणजे फक्त मातीची भिंत, जादाचं पाणी बाहेर कुठून जाईल याचा विचार त्यात फार कमी. सांडवा नसतोच, किंवा कधीकाळी असला तरी नांगरताना, वाटण्या होताना, एखादा ट्रॅक्टर पलीकडं न्यायचा म्हणून तो बुजलेला असतो. मग एका रात्रीत दोन-तीन महिन्यांचा पाऊस पडतो आणि बांधाला जिथं कच्ची जागा असेल तिथून पाणी आपणच सांडवा काढतं. आणि ती जागा आपल्याला परवडणारी नसते.

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात हात घालावा एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसाला फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी मुरायचं जवळजवळ बंदच होतं. पण बांधाच्या पोटातली भेग सगळी मिटत नाही. त्यात उंदरा-घुशींची बिळं, जुन्या बाभळीची कुजलेली मुळं. बांधाला पाणी तटलं की ते या बारीक वाटांनी पलीकडं झिरपायला लागतं, माती थोडी थोडी घेऊन जातं, बोटाएवढी वाट मनगटाएवढी होते, मग मांडीएवढी, आणि मग वरचं छत खाली बसतं. लोक म्हणतात बांध वरून फुटला. बऱ्याचदा तो आतून गेलेला असतो. म्हणूनच खोल काळ्या रानात पाणी पूर्ण अडवणाऱ्या समपातळी बांधापेक्षा ढाळीचा बांध चांगला म्हणतात, शंभर फुटाला अडीच-तीन इंच उतार ठेवायचा म्हणजे पाणी हळूहळू एका बाजूला सरकतं, जाता जाता मुरतं पण, आणि ठरलेल्या जागेवरून बाहेर पडतं.

आता घळीजवळ जाऊन बघा, खरंच जाऊन, माथ्याशी बसून. घळीचा माथा म्हणजे जिथून पाणी खाली पडायला सुरुवात होते ती जागा. आमच्या खालच्या घळीत वर दीड-दोन फूट काळी माती, त्याखाली पिवळसर, हाताला चिकट, मधेमधे चुनखडीचे पांढरे खडे, आणि त्याखाली भुसभुशीत मुरूम. पाणी वरून पडतं ते तळाच्या मुरमावर, तिथं एक डबकं खणतं, त्या डबक्यातलं पाणी उलटं फिरून मागची मऊ भिंत खातं. वरची काळी माती मुळांमुळं काही वेळ तशीच लोंबत राहते, खाली कपार तयार होते, आणि मग अख्खा ढपला धप्पकन पडतो, त्यावर उभी असलेली तुरीची चार झाडं घेऊन. पडलेला ढपला पाणी वाहून नेतं आणि परत डबकं, परत कपार. म्हणजे घळ वाढते ती खालून वर, उताराच्या उलट दिशेनं. हे एकदा कळलं की मधल्या भागात माती भरण्यात अर्थ का नाही ते आपोआप कळतं, कारण माथा तसाच राहिला तर तो वर चढतच राहणार, मधे काहीही भरा.

आणि तो चढायला सुरुवात कुठून करतो? सगळ्यात खालून, जिथं आपलं पाणी ओढ्याला मिळतं तिथून. हे मला फार तळमळीनं सांगायचंय. गेल्या काही वर्षांत ओढे-नाले खोल करायची जी लाट आली त्यात कित्येक ठिकाणी पोकलेननं ओढा मुरमापर्यंत खाली नेला, काठ उभे ठेवले, काढलेली माती काठावरच टाकली. ओढ्यात पाणी साठलं, विहिरींना फायदा झाला, ते मी नाकारत नाही. पण ओढ्याचा तळ आठ फूट खाली गेला म्हणजे त्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओघळीला एकदम आठ फुटाची उडी आली. त्या उडीशीच घळ जन्माला येते आणि तिथून ती रानात शिरते. ओढा खोल करताना प्रत्येक ओघळीच्या तोंडाशी दगडाची पायरी बांधली असती तर निम्म्या घळी झाल्या नसत्या असं माझं मत आहे.

या वेळी त्यात अजून एक भर. सीना एवढी भरली की लांबोटीला सोलापूर-पुणे हायवे बंद ठेवावा लागला, तेव्हा आमच्यासारख्या ओढ्यांचं पाणी नदीत शिरेचना, उलट नदीचंच पाणी ओढ्यानं मागं आलं. रान आतून भिजून गच्च झालं. आणि मग नदी उतरली, झपाट्यानं उतरली. काठ आतून पाण्यानं जड, आणि समोरून त्याला टेकू देणारं पाणी मात्र गेलेलं. पाऊस थांबल्यावर, चांगलं ऊन पडलेलं असताना आमच्या डोळ्यादेखत काठाचे ढपलेच्या ढपले बसले. शेजारपाजारचे म्हणायले आता तर पाऊस पण नाही, हे कसं पडायलंय. ते असं.

तर मग करायचं काय. पहिलं काम म्हणजे पाणी कुठून येतं ते चालून बघणं, आणि याला पैसा लागत नाही. पूर गेल्यावर खुणा ताज्या असतात तेव्हाच हे करा. तारेच्या कुंपणात अडकलेली कडब्याची चिपाडं किती उंचीवर आहेत, गवत कुठल्या दिशेला झोपलंय, बारीक वाळू कुठं पसरलीय, कुठल्या बांधाला भगदाड आहे. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पंचनाम्याला पण उपयोगी पडतात आणि पुढच्या उन्हाळ्यात काम करताना पण, कारण तोवर सगळं नांगरून सपाट झालेलं असतं आणि पाणी कुठनं आलं होतं यावर घरातल्या घरात वाद होतात.

मग किती येतं त्याचा हिशोब. हा कुणालाही जमतो. समजा तुमच्या घळीकडं पंचवीस एकराचं पाणी येतं, म्हणजे दहा हेक्टर. तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या रानावर पडलेलं पाणी होतं साठ लाख लिटर. निम्मं जरी वाहून आलं तरी तीस लाख लिटर, एका तासात. उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यापुढं आणा, असे तीनशे टँकर तासाभरात तुमच्या घळीच्या माथ्यावर रिकामे होतायत, मिनिटाला पाच. रान आधीच भिजलेलं असेल तर निम्म्यापेक्षा जास्तच वाहतं. हे बघितलं की बारा इंची सिमेंटचा एक पाईप टाकून भागेल का, ते विचारायला लागत नाही. आमच्या पाणंद रस्त्याखाली तसलाच एक पाईप होता, रस्ता उंच केला आणि पाईप एकच, सगळं पाणी रस्त्याच्या कडेनं वाहत येऊन शेजाऱ्यांच्या रानात घुसलं. रस्ता नवा होत असेल तर त्याच वेळी उभं राहून मोरी मोठी करून घ्या, नंतर कुणी येत नाही.

पाण्याचा अंदाज आला की वरून सुरुवात करायची. वरच्या रानातनं येणारं पाणी जेवढं कमी आणि जेवढं सावकाश येईल तेवढं खालचं काम स्वस्त. बांधाची भगदाडं बुजवा, पण नुसती माती ढकलून नको, भगदाडाच्या दोन्ही कडा पायरीसारख्या कापून, ओलसर माती अर्ध्या-पाऊण फुटाच्या थरानं टाकून प्रत्येक थर धुमसून घ्यायचा. कोरडी ढेकळं टाकली तर आत पोकळी राहते आणि परत तीच आतली वाट. आणि बांध धरला की त्याच दिवशी सांडवा धरायचा. बांधाच्या टोकाला, जिथं जमीन घट्ट आहे तिथं, बांधाच्या माथ्यापेक्षा फूटभर खाली, तळ रुंद आणि सपाट. लेव्हल बघायला महागडं मशीन लागत नाही, गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घ्या, दोन टोकाला दोन माणसं, बास.

घळीच्या माथ्याचं दोन प्रकारे करता येतं. शक्य असेल तर माथ्यावर पाणी येऊच द्यायचं नाही, वरच्या बाजूला थोडं लांबून चर काढून ते पाणी गवताच्या पट्ट्यातून दुसरीकडं न्यायचं. पण ती दुसरी जागा खरंच पक्की पाहिजे, नाहीतर एक घळ बंद करून दुसरी काढली असं होतं, आणि शेजाऱ्याच्या रानात सोडणं हे तर अजिबात करायचं नाही. दुसरा प्रकार म्हणजे पाणी तिथूनच उतरवायचं पण उडी मारू द्यायची नाही. उभी भिंत कापून तिचा तिरका उतार करायचा, एक फूट उंचीला तीन फूट लांबी धरा. त्यावर चार-सहा इंच बारीक खडी-मुरमाचा थर, आणि त्यावर डबर, म्हणजे मोठे ओबडधोबड दगड, एकमेकांत बसवून पिचिंग. खडीचा थर बरेच जण गाळतात आणि मग दगडाखालची माती दगडाच्या फटीतनं निघून जाते, दगड खचतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात माती भरून रचणारे पण बघितलेत, तात्पुरतं ठीक आहे, पण प्लास्टिकची पोती उन्हानं एक-दोन वर्षात भुगा होतात, त्याच्यावर भरवसा ठेवून मागं माती भरू नका.

माथ्याखाली घळीत दगडी बांधांची माळ. यात सगळ्यात महत्त्वाचं अंतर, आणि त्याचा नियम सोपा आहे, खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका लेव्हलला आला पाहिजे. घळीच्या तळाला शंभर फुटात तीन फूट उतार असेल आणि बांध अडीच फुटाचा असेल तर दोन बांधांत साधारण ८३ फूट, थोडं कमीच ठेवा. उतार जास्त असेल तर बांध जवळ येतात. उंच बांध एकच घालण्यापेक्षा बुटके जास्त घाला, उंच बांधावरून पडणारं पाणी परत खड्डा खणतं.

बांध रचताना आम्ही काय केलं ते सांगते. तळाशी फूटभर खोल पाया, दोन्ही काठांत पण फूट-दीड फूट आत शिरवून दगड, म्हणजे पाणी बगलेनं जाणार नाही. मोठे दगड बाहेर आणि खालच्या अंगाला, म्हणजे पाणी उतरून जातं त्या बाजूला, बारीक आत. वरचं अंग उभट चाललं, एकास एक, पण खालचं अंग पसरट, एकास दोन, जमलं तर एकास तीन. आणि माथा सरळ ठेवायचा नाही! मधला भाग कडांपेक्षा फूटभर खाली पाहिजे. गड्यांना सरळ रेषेत देखणा बांध घालायची सवय असते, मामांनी दोनदा उलगडायला लावला. माथा सरळ असला की पाणी कडेला जातं, काठ खातं आणि बांध मधोमध शाबूत उभा राहून घळ त्याच्या शेजारून दुसरी वाट काढते. असे बिनकामाचे बांध आपल्या जिल्ह्यात ढीगभर दिसतात. बांधाच्या खाली जिथं पाणी पडतं तिथं चार-पाच फूट दगड अंथरायचे, तेही जमिनीत बसवून.

असे बांध घातले की पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्यामागं गाळ बसायला लागतो. आमच्या वरच्या घळीत २०२१ नंतर बांधामागं जो पोयटा साठला त्यावर आता चवळी आणि दोडका होतो, सासूबाईंनी ती जागा स्वतःकडं घेतलीय. घळ अशी भरते, तिच्याच मातीनं, हळूहळू.

गवताबद्दल घरात आमचं भांडण झालं ते पण सांगून टाकते. सांडव्यात आणि चराच्या तळाला हराळी लावायची म्हटल्यावर मामा भडकले, "जन्मभर हराळी खणत आलो आणि तू लावतीयास व्हय?" त्यांचं चूक नव्हतं, ज्वारीच्या रानात हराळी शिरली की निघत नाही. पण वाहत्या पाण्याखाली जमीन धरून ठेवायला तिच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. शेवटी तोडगा निघाला, सांडव्याच्या तळात आणि ओढ्याकाठी हराळी, रानाला लागून असलेल्या बांधावर मारवेल, म्हणजे जनावराला चारा पण होतो. घळीच्या माथ्यावर आडव्या ओळीत वाळा, दाट, वीतभर अंतरानं, त्याची मुळं सरळ खाली जातात, पिकाकडं पसरत नाहीत. काठाच्या वरच्या कडेनं घायपात आणि निरगुडी, जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून राखण लागत नाही. घळीत आधीच वेडी बाभूळ वाढली असेल तर पहिल्या वर्षी जेसीबीनं उपटू नका, वरून छाटा, मुळं राहू द्या, दुसरं काही धरेपर्यंत तीच काठ धरून आहे. आणि मातीच्या बांधावर मोठी झाडं नको, वाऱ्यानं हलून बांध ढिला होतो आणि मूळ कुजलं की पाण्याला वाट.

खालचं रान म्हणजे जिथं पाणी साठून चिबड झालंय तिथलं वेगळंच दुखणं. वर घळ, खाली चिबड, एकाच शेतात दोन्ही. पुराचा गाळ बसलेल्या ठिकाणी वर पापुद्रा धरतो, खाली ओल तशीच, वाफसा येत नाही म्हणजे रान कसण्याजोगं होत नाही, आणि घाई करून ट्रॅक्टर घातला की चाकाखाली रान दगड होतं. तिथं आधी उघडा चर काढा, सर्वात खोलगट लवणातून, आणि काठ तिरके ठेवा, एक फुटाला दीड-दोन फूट. काळ्या मातीत उभ्या काठाचा चर पहिल्या हंगामातच ढासळून बुजतो, तरी सगळीकडं उभेच काढतात कारण जेसीबीवाल्याला ते सोपं. चराचं तोंड ओढ्यात जिथं मिळतं तिथं परत तीच दगडाची पायरी, नाहीतर तिथून नवी घळ. ज्यांचं उसाचं रान वर्षानुवर्षं पाटाच्या पाण्याखाली आहे आणि पांढरी खार दिसायला लागलीय त्यांनी तर चराशिवाय दुसरा विचारच करू नये, निचरा झाल्याशिवाय जिप्सम टाकून पण काही होत नाही.

आता माती भरण्याचं. खरडून गेलेलं रान परत उभं करायला काय लागतं तो हिशोब एकदा करून बघा. एक एकरावर एक इंच माती म्हणजे ३६ ब्रास, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एक फूट म्हणजे ४३६ ब्रास. सरकारनं ऑक्टोबर २०२५ ला जे पॅकेज जाहीर केलं त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि हेक्टरी तीन लाख रोजगार हमीतून असं होतं. ४७ हजार म्हणजे एकरी अठरा-एकोणीस हजार. फूटभर माती गेलेल्या माणसाला ब्रासला ४३ रुपये पडतात, त्यात खोदाई, भराई, वाहतूक, पसरणी सगळं. ते तेवढ्यात होत नाही हे कुणालाही दिसेल. म्हणून मला वाटतं रोख पैसे मातीत घालण्याआधी दगडी कामात घाला, आणि रोजगार हमीतनं बांधबंदिस्ती, दगडी बांध मिळतात का त्याचा पाठपुरावा ग्रामपंचायतीत करा, ग्रामसभेत ठराव घेऊन, सगळ्यांनी मिळून.

आणि भरायचंच तर तलावातला गाळ बघा, उन्हाळ्यात पाझर तलाव कोरडे पडतात तेव्हा. मुरूम भरून वर चार इंच माती पसरली की वरून रान छान दिसतं, पण ज्वारीला ओल कुठून मिळणार, आपली मालदांडी तर साठलेल्या ओलीवरच येते. शेजारच्या तुकड्यातली वरची माती ओढून खड्डा भरणारे पण बघितले, एका रानापायी दोन रानं नापीक. गाळ टाकला तरी पहिल्या वर्षी ताग किंवा धैंचा घेऊन गाडा, शेणखत द्या, तेव्हा कुठं ती माती माती व्हायला लागते.

सगळ्यात अवघड काम मात्र दगडाचं पण नाही आणि मातीचं पण नाही. ते आहे वरच्या शेजाऱ्याशी बोलण्याचं. आमच्या वर भाऊकीतल्या तात्यांचं रान आहे. त्यांच्या बांधाला तीन ठिकाणी भगदाडं आणि तिन्हीचं पाणी आमच्यात. मी बोलायला गेले तर म्हणाले, "सूनबाई, पाणी काय मी घरनं सोडलंय व्हय? वरनं येतंय, खाली जाणारच की." बरोबरच होतं. नैसर्गिक उतारानं येणारं पाणी खालच्यानं घ्यायलाच लागतं. कुणी मधेच अडवलं किंवा वळवलं तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि ते अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. हे माहिती असावं म्हणून सांगितलं. पण रोज एकमेकाचं तोंड बघायचं असतं, एका पाणंदीनं बैल न्यायचे असतात, कागदानं सांडवा निघाला तरी त्याची निगा कोण राखणार.

मामा दुसऱ्या दिवशी स्वतः गेले. ते एवढंच म्हणाले, "तात्या, पाणी द्या, नको म्हणत नाही. पण तीन जागंनं नको, एका जागंनं द्या." मग दोघं बांधावरनं चालत गेले, मी मागनं नळी आणि आखायच्या फक्कीची पिशवी घेऊन. तात्यांना वाटत होतं आमच्या सोयीसाठी त्यांचं रान चिबडेल. नळी लावून दाखवली की सांडव्याचा तळ त्यांच्या रानाच्या सगळ्यात खालच्या सरीच्या बरोबरीला आहे, म्हणजे पाणी तुंबणार नाही, जादाचं तेवढं निघेल. त्यांच्याही बांधाचा फायदा आहे, त्यांची पण माती जातच होती की तीन भगदाडांतून. डबराचा खर्च आम्ही करायचा, जेसीबीचा निम्मा निम्मा, सांडव्याच्या खाली गवताचा पट्टा आमच्या हद्दीत, साधारण आठ फूट रुंद, तेवढं रान आम्ही सोडायचं असं ठरलं. आठ फुटाची पट्टी सोडायला जीवावर येतं, पण घळीनं त्याच्या कितीतरी जास्त नेलंय.

तात्यांची तूर अजून उभी आहे. जानेवारीत ती निघाली की काम लावायचं, मृगाच्या आत गवत धरलं पाहिजे. सांडव्याची जागा आखून झालीय, डबर येऊन पडलंय, आणि त्यांच्या थोरल्या मुलानं पण त्याच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यावर पाण्याची नळी लावून बघायला सांगितलंय.